कोपऱ्यातला इवलासा माणूस

अगं ए,

दीड ओळीचा निरोप पाठवून लांबलचक पत्राची अपेक्षा ठेवणारी जगात तू एकटीच. पण विचारलंसच ‘काय चाललंय’ म्हणून, तर ऐक. सध्या मी शनीवर असते. रात्री ओटा आवरला, मटकी भिजत घातली, की लॅपटॉप उघडते आणि जुन्या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकांची मुखपृष्ठं बघत बसते. नवरा मागून डोकावतो, ‘आज कुणाचं आक्रमण?’ एवढं विचारतो आणि झोपायला जातो. आधी त्याला काळजी वाटायची. आता म्हणतो, भिशीपेक्षा स्वस्त आहे.

तुला सांगते, यातल्या एका चित्रानं मला पुरतं खिशात घातलंय. ‘अमेझिंग स्टोरीज’चा पहिला अंक, एप्रिल १९२६, किंमत पंचवीस सेंट. पिवळंधमक आकाश, त्यात कडं घातलेला अवाढव्य शनी, बर्फाच्या सुळक्यांवर अडकून बसलेली शिडाची जहाजं. आणि खाली माणसं काय करतायत? स्केटिंग! प्रसंग ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला. धूमकेतूनं पृथ्वीचा एक तुकडा उचलून नेलाय, परत घरी जाता येईल की नाही याचा पत्ता नाही, आणि ही मंडळी गरम कपडे चढवून मजेत घसरतायत. मला तर लगेच तू आठवलीस. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर गाणी म्हणत बसणारी.

चित्रकार फ्रँक पॉल. जन्म ऑस्ट्रियातला, शिक्षण वास्तुरचनेचं, पोट भरलं अमेरिकेत. त्याचा संपादक ह्यूगो गर्न्सबॅक मूळचा लक्झेंबर्गचा. म्हणजे अमेरिकेला भविष्यकाळ दाखवणारे दोघंही बाहेरून आलेले, हे तुला अमेरिकेत बसून जास्त कळेल. पॉलची गंमत अशी की यंत्रं, घुमट, नळ्या, झडपा काढाव्यात तर त्यानंच. त्याच्या यंत्रातला एकेक रिव्हेट मोजून घ्यावा. माणसं मात्र लाकडी. मला वाटतं हे त्याचं त्यालाही ठाऊक असावं, म्हणून तो माणसं छोटी करून कोपऱ्यात उभी करायचा. हात वर केलेली, तोंडाचा आ वासलेली. मी त्या माणसाच्या प्रेमात पडलेय गं. शनी केवढा, यंत्र केवढं, हे सगळं त्याच्यामुळे कळतं. तो बोटानं झाकून बघ, मागे उरतो नुसता कारखाना.

१९३९ साली ‘फँटॅस्टिक ॲडव्हेंचर्स’ नावाच्या मासिकासाठी पॉलनं मंगळावरचा माणूस काढला. कान सुपाएवढे, कारण तिथे हवा विरळ, ऐकू कमी येणार. छाती फुगलेली, कारण तेच. बघताना हसू येतं, पण कारण विचारलं तर प्रत्येक अवयवाचं तयार आहे! त्याच वर्षी न्यूयॉर्कला विज्ञानकथेचं पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि मानाचा पाहुणा म्हणून बोलावलं ते या चित्रकाराला. लेखकांच्या पोटात दुखलं असणार, नाही?

हो, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. आता तिला सगळंच लख्ख दिसतं, आमच्या पंख्यावरची धूळसुद्धा. परवा माझ्या शेजारी येऊन बसली. पडद्यावर अर्ल बर्गीचं चित्र होतं. चाळिसाच्या दशकातला ‘स्टार्टलिंग स्टोरीज’, ‘थ्रिलिंग वंडर’ असल्या मासिकांचा हा हुकमी चित्रकार. त्याच्या जगात नायक डोक्यापासून पायापर्यंत अंतराळपोशाखात, आणि त्याच निर्वात पोकळीत नायिका पितळी चोळीवर. आईनं चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, ‘याला एवढे कपडे, मग हिला थंडी नाही का वाजत?’ साठसत्तर वर्षांच्या समीक्षेचं सार आमच्या मातोश्रींनी एका प्रश्नात काढलं. मग मी तिला ‘वीअर्ड टेल्स’ची मुखपृष्ठं दाखवली. त्यातल्या बायका तर आणखी उघड्या, आणि काढणारी कोण, तर शिकागोची मार्गारेट ब्रंडेज. सही नुसती ‘एम. ब्रंडेज’ अशी, त्यामुळे बाई आहे हे कळल्यावर वाचक चाटच पडले. सगळं काम खडूच्या पेस्टलमध्ये, हात लागला की पुसलं जाणार. आई म्हणाली, ‘बाईनं काढलंय होय? तरीच बोटं नीट आलीत.’ आता यावर काय बोलणार!

आता तुझ्या बॉस्टनचीच गोष्ट. तुमच्या विज्ञान संग्रहालयात १९५७ साली चेस्ली बोनस्टेलनं काढलेलं चंद्रभूमीचं भित्तिचित्र लागलं. चाळीस फूट लांब! बोनस्टेल हा आणखी एक वास्तुरचनावाला. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगवर काम केलेला, नंतर हॉलिवूडमध्ये ‘सिटिझन केन’सारख्या चित्रपटांसाठी पडदे रंगवलेला. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, मग डोंगर झिजणार कशानं, असा त्या काळचा हिशेब. म्हणून त्याचे डोंगर सुळक्यांसारखे, टोकदार. प्रत्यक्षात बारीकसारीक उल्कांनी कोट्यवधी वर्षं ठोकून ठोकून ते गोलमटोल केलेत. अपोलोचे फोटो आले आणि १९७० साली ते चित्र भिंतीवरून उतरलं. पुढे ते स्मिथसोनियनकडे गेलं. बोनस्टेल तेव्हा ऐंशी पार केलेला. जन्मभर कष्टानं रंगवलेलं गाव खरं कसं आहे ते म्हातारपणी टीव्हीवर बघायचं, म्हणजे विचार कर.

टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणारा त्याचा शनी तर तू पाहिलाच असशील. ‘लाइफ’ मासिकात १९४४ साली आला तो. निळंशार आकाश, बर्फाचे कडे, मधोमध शनीची कोर. २००५ साली ह्युजेन्स यान तिथे उतरलं तेव्हा सगळीकडे नारिंगी धुरकं. इतकं दाट की खाली उभं राहून शनी डोळ्यांना दिसणारच नाही. विज्ञान तुझं, त्यामुळे तू यानाची बाजू घेशील. मी म्हणते, चूक टायटनची आहे.

आणि तुझ्या दादाच्या खोलीतलं ते पोस्टर! अवाढव्य यंत्रमानव, तळहातावर मेलेली माणसं. मी पाणी मागायलाही त्या खोलीत जायचे नाही आणि तू मुद्दाम मला आत ढकलायचीस. ते क्वीन बँडच्या १९७७च्या रेकॉर्डचं चित्र. पण मूळचं ते ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या ऑक्टोबर १९५३च्या अंकावरचं, केली फ्रीसनं काढलेलं. तिथे तळहातावर एकच माणूस होता. बँडनं फ्रीसलाच गाठलं आणि त्यानं त्या माणसाच्या जागी त्यांना घालून चित्र नव्यानं काढून दिलं. परवा मूळ मुखपृष्ठ नीट बघितलं तर काय, त्या राक्षसाचा चेहरा रडवेला आहे. खेळणं मोडल्यावर मोठ्यांकडे घेऊन येणारं पोर असतं ना, तसा. इतकी वर्षं मी उगाच भ्यायले, तूही कधी सांगितलं नाहीस.

आता भांडण. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर घासाघीस करून तू घेतलेली ती ॲसिमॉव्हची पुस्तकं, ख्रिस फॉसच्या मुखपृष्ठांची. पट्ट्यापट्ट्यांची, माशासारखी फुगीर यानं. तुला तेव्हाही ती जगातली सर्वोत्तम चित्रं वाटायची. मी पुन्हा बघितली. एअरब्रशची सफाई वादातीत आहे, धूर तर असा की खोकला यावा. पण पुस्तकभर शोधलं तरी तसलं यान सापडत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात माणूस दिसत नाही. खिडक्या शेकडो, खिडकीत कुणी नाही. कुणी बघणारच नसेल तर एवढं मोठं यान मोठं कुणाला वाटायचं? बोनस्टेलच्या चंद्रावर बघ, रॉकेटच्या पायाशी मुंग्यांएवढी का होईना, माणसं हिंडतायत. ‘सगळी माणसं आतमध्ये आहेत, मूर्खे’ हे तुझं उत्तर मला पाठ आहे. दुसरं काही असेल तर लिही, दीड ओळीपेक्षा जास्त.

आणि डिसेंबरात येताना ती चॉकलेटं आणू नकोस, शुगर निघालीय माझी. कुठे जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘गॅलेक्सी’ मासिकाचा नाताळ अंक दिसला तर तो आण. त्यावर एड एमश्विलरनं चार हातांचा सांताक्लॉज काढलाय. आईला दाखवायचाय. तिचं म्हणणं तयार असेलच, की एवढे हात असून कामं उरकलेली दिसत नाहीत.

तुझीच,
मी