छळ सोसला म्हणजे माफ केला?

संपादकांनी बजावलं होतं, कलमांचे आकडे नकोत, वाचक पान उलटतात. जमेल तेवढे टाळते. पण कौटुंबिक न्यायालयात वकिली करणाऱ्या बाईने क्रूरतेबद्दल लिहायचं तर थोडे आकडे येणारच. 'क्रूरता' हा एकच शब्द दोन कायद्यांत दोन निराळ्या मापांनी मोजला जातो आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांना हे आधी कोणीच सांगितलेलं नसतं.

फौजदारी माप कडक. १९८३ साली दंड संहितेत ४९८ अ आलं. १ जुलै २०२४ पासून तेच न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत आहे. बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल किंवा तिच्या जिवाला, आरोग्याला गंभीर इजा होईल असं हेतुपुरस्सर वागणं, नाहीतर पैशांच्या बेकायदा मागणीसाठी छळणं, ही तिथली क्रूरता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून पुरावाही वाजवी संशयाच्या पलीकडचा लागतो.

घटस्फोटाचं माप वेगळं. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पर्यंत क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळतच नव्हता, फक्त न्यायिक फारकत मिळे. तीसुद्धा, या माणसाजवळ राहणं आपल्याला अपायकारक ठरेल अशी रास्त भीती दाखवली तरच. त्या वर्षीच्या दुरुस्तीने दोन्ही गोष्टी बदलल्या. पुढे १९८८ साली शोभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इथे छळण्याचा हेतू सिद्ध करायलाच हवा असं नाही. करणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा सोसणाऱ्यावर काय बेतलं, हे आता आधी पाहिलं जातं. आमच्या क्षेत्रातली ही सर्वांत मोठी कमाई आहे असं मी मानते.

तरीही 'मारलं नाही ना? मग छळ कसला?' हा प्रश्न मला लग्नसमारंभातसुद्धा ऐकावा लागतो, शिकलेल्या माणसांकडून. अंगाला हात न लावताही बायकोचं जगणं असह्य करता येतं, हे मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात १९३९ सालीच लिहिलेलं आहे.

एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. (ओळख पटेल असं काही इथे देत नाही.) स्वयंपाकघराला संध्याकाळी कुलूप लागायचं. सासूबाई किल्ली कमरेला लावून देवळात जायच्या, आणि दिवसभर नोकरी करून आलेली सून रात्री नऊपर्यंत उपाशी. नवरा तिच्याशी बोलायचा नाही; काय हवं ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवायचा. हे सगळं तिने ठाण्यात सांगितलं. फिर्यादीत उतरलं ते एवढंच, की 'शारीरिक व मानसिक जाचहाट करून शिवीगाळ केली.' हे वाक्य मी शेकडो फिर्यादींत वाचलंय. उलटतपासात बचावपक्षाने विचारलं, कुलपाचं फिर्यादीत आहे का? नाही. आणि साक्षीत ते ठरलेलं वाक्य उतरलं: 'तसे का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.' कुलूप ही मागाहून रचलेली गोष्ट ठरली. आरोपी निर्दोष सुटले. सासरच्या नातलगांवर मोघम आरोप करून खटला चालवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. पण तिचे हाल मोघम नव्हते. ते मोघम झाले लिहिणाऱ्याच्या लेखणीत.

आता तिची घटस्फोटाची याचिका सुरू आहे. इथे पुरावा जास्त संभवनीय कोणत्या बाजूचा, एवढंच तोलतात. हे सूत्र ठरलं ते १९७५ च्या दास्ताने खटल्यात, न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांच्या निकालात. पुण्यात लग्न झालेलं जोडपं, आणि याचिका नवऱ्याची. बायकोची क्रूरता शाबीत झाली, तरी नवऱ्याला दाद मिळाली नाही; त्यानंतरही वैवाहिक संबंध चालू राहिले, म्हणजे त्याने ती माफ केली, असं न्यायालयाने धरलं.

या मुद्द्यावर मी बार रूममध्ये वर्षानुवर्षं भांडत आलेय. कायद्याने माफी म्हणजे नुसतं राहणं नव्हे. झालेलं मनातून काढून टाकायचं आणि जोडीदाराला पूर्वीच्या जागी आणून बसवायचं, हे दोन्ही त्यात आलं. शिवाय ती माफी अटीवर असते. तो पुन्हा तसाच वागला की जुना दोषही पुन्हा उभा राहतो. समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशांना कलम २३ खाली तो तपासावाच लागतो. तपासावा जरूर. पण माहेरी भावाचं दोन खोल्यांचं घर, पदरात मूल, पगार सासूच्या हातात, अशी बाई सहा वर्षं नांदली तर तिने माफ केलं असं कसं धरायचं? तिने सोसलं. ज्याच्यापाशी निघून जायची सोय होती आणि तरी जो राहिला, त्याच्याबद्दल माफीचं अनुमान काढावं. सोयच नव्हती तिथे ते काढू नये. माझे ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ताई, असं धरलं तर माफीचा बचाव उरतोच कुठे? उरतो, पण त्यासाठी नुसत्या नांदण्यापलीकडचा पुरावा द्यावा लागेल.

या प्रकरणातही समोरच्यांची कैफियत तीच आहे, की क्रूरता असती तर अर्जदार इतकी वर्षं राहिली नसती. शेजारच्या काकू संध्याकाळी गॅलरीतून तिला पोळीभाजीचा डबा द्यायच्या. त्या साक्षीला तयार झाल्या आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की त्यांचं सरतपासणीचं शपथपत्र दाखल करायचंय, आणि ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिणार आहे, कुलपासकट.