मुकुंदवाडीचा टोस्ट आणि स्पेनचे पिकोस

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडी रेल्वे स्थानकावरून आपण वस्तीत शिरलात आणि वाटेत बेकरी दिसली, की पावले रेंगाळतात. बेकरीतल्या टोस्टचे दूरचे भावंड म्हणजे स्पेनच्या अंदालुसिया प्रदेशातील ‘पिकोस’: गव्हाच्या पिठाच्या, बोटाएवढ्या कुरकुरीत कांड्या. तिकडे त्या टोमॅटोच्या थंड, दाट सूपसोबत खातात. दोहोंतले पाणी भट्टीत आटलेले असते. म्हणून तेवढ्याच वजनाच्या पावापेक्षा त्यांत उष्मांक अधिक.

घरातील ज्येष्ठांना कवळी असेल, तर टोस्ट कोरडा देऊ नका. गोड चहाऐवजी मुगाच्या दाटसर, कोमट कढणात तो पूर्ण मऊ होऊ द्या; प्रथिनेही मिळतील. ताठ बसवून लहान घास द्या. गिळताना वारंवार ठसका लागल्यास मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.