दीड एकराचं घड्याळ

माझ्या मनगटावर एचएमटी जनता आहे. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. काच दोनदा बदलली, पट्टे किती बदलले त्याचा हिशोब नाही. सकाळी चहा उकळेपर्यंत चावी द्यायची, ही चाळीस वर्षांची सवय. २०१९ साली थोरल्यानं मला तीन महिन्यांसाठी जर्मनीला ड्रेस्डेनला नेलं, तेव्हा हेच घड्याळ हातात होतं. तिथली वेळ लावायला मन धजेना. आठ दिवस मी गावाच्या वेळेवरच चाललो. गावाकडं गाईची धार काढायची वेळ व्हायची, तेव्हा इथं दुपार असायची.

एका संध्याकाळी पोरगं मला एका दुकानाच्या काचेपुढं घेऊन उभं राहिलं. आत जुनी, वापरलेली घड्याळं मांडलेली. मोडीचा माल म्हणून मी हसणार होतो, पण एका सोन्याच्या घड्याळावर नजर गेली आणि तिथंच अडकली. पहिल्यांदा वाटलं, बनवणाऱ्याचा हात चुकलाय. काटे मधोमध नाहीतच! तासाचं न् मिनिटाचं वर्तुळ डावीकडं सरकवलेलं. उजवीकडं वर दोन चौकोनांत तारीख, एवढी ठसठशीत की माझ्यासारख्या मोतीबिंदूवाल्यालाही चष्म्याशिवाय दिसावी. खाली सेकंदाचं छोटं वर्तुळ. आणि कुणी कुणाच्या अंगावर आलेलं नाही. सगळ्यांचे बांध वेगळे. आमच्या भाऊबंदकीत हे जमलं असतं तर कोर्टाच्या निम्म्या तारखा वाचल्या असत्या.

उजव्या कडेला एक बारका काटा होता. वर ‘आउफ’ लिहिलेलं, खाली ‘आब’. पोरगं म्हणालं, “अप्पा, स्प्रिंगेत किती ताकद उरली ते हा काटा दाखवतो. पूर्ण चावी दिली की वर, सरत आली की खाली. तीन दिवस चालतं.” मला आमच्या विहिरीच्या पायऱ्या आठवल्या. फेब्रुवारीत रोज सकाळी वाकून बघायचं, आज किती उघड्या पडल्या.

“ए. लांगे उंड झोनेचं आहे, लांगे वन. पंधरा वर्षं पैसे साठवतोय. एकदा हातात घालावंसं वाटतं.”

किंमत विचारली. आपल्या रुपयांत सतरा लाखांच्या आसपास. मी मनातल्या मनात कांदा मोजला. दहा रुपये किलोनं सतराशे क्विंटल. आणि तोंडातून निघून गेलं, “तुझ्या इंजिनिअरिंगला विकली ती दीड एकर याच्यात परत आली असती रे.”

पोरगं काही बोललं नाही. ट्राममध्येही नाही. रात्री सुनेनं भाजी वाढली, तेव्हाही ते ताटाकडंच बघत होतं. मला झोप लागेना. जमीन मी माझ्या मर्जीनं विकली होती. त्यानं कधी मागितली नव्हती. मग आज ते त्याच्या अंगावर का टाकलं?

रविवारी म्हणालं, “चला, ते घड्याळ जिथं होतं त्या गावाला जाऊ.” डोंगरातल्या नदीकाठानं छोटी रेल्वे जाते, ग्लासह्युटेला. गाव आमच्या बाजाराच्या गावाएवढंही नाही. तिथल्या घड्याळांच्या संग्रहालयात पोरगं पाट्या वाचून मला सांगत होतं. पूर्वी इथं चांदीच्या खाणी होत्या. खाणी आटल्या न् गावावर दळिद्र आलं. १८४५ साली फर्डिनांड आडोल्फ लांगे नावाचा ड्रेस्डेनचा घड्याळजी सरकारचं कर्ज घेऊन इथं आला आणि पंधरा गरीब पोरं शिकाऊ म्हणून हाताशी धरली. आमच्याकडं विहिरी आटल्या की माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. इथं घड्याळं आली.

त्या मोठ्या तारखेचंही कूळ सापडलं. ड्रेस्डेनच्या ऑपेरा थिएटरात रंगमंचाच्या वर एक घड्याळ होतं, काटे नसलेलं. एका चौकोनात तास, दुसऱ्यात मिनिटं, दर पाच मिनिटांनी बदलणारी. शेवटच्या रांगेतल्यालाही दिसावं म्हणून. ते लांगेच्या गुरूनं, पुढं सासरा झालेल्या गुटकेसनं केलेलं. म्हणजे यांच्याही घड्याळात सासऱ्याचा हात आहेच.

महायुद्धाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ८ मे १९४५ ला, कारखान्यावर बॉम्ब पडले. उरलंसुरलं १९४८ साली सरकारनं ताब्यात घेतलं. पणतू वाल्टर लांगे, युरेनियमच्या खाणीत पाठवतील या भीतीनं पश्चिमेकडं पळाला. भिंत पडल्यावर परत आला आणि ७ डिसेंबर १९९० ला, पणजोबाच्याच तारखेला, कंपनी पुन्हा नोंदवली. तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. ना कारखाना हातात, ना कारागीर. चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९४ ला, पहिली घड्याळं लोकांपुढं ठेवली. त्यांच्यावर तारीख मात्र २५ लावलेली, कारण पेपरात फोटो दुसऱ्या दिवशी येणार! त्या माणसाची हुशारी मला आवडली.

परतीच्या गाडीत पोरगं खिडकीबाहेर बघत म्हणालं, “अप्पा, ती दीड एकर आता कुणाकडं आहे?”

“का?”

“देईल का तो?”

“त्याच्या पोरानं प्लॉट पाडले तिथं. विहीर बुजवली.”

“मला सांगितलं नाही तुम्ही.”

“तुला काय सांगायचं त्याच्यात.”

नदी कधी डाव्या हाताला यायची, कधी उजव्या. बराच वेळ आम्ही दोघंही ती बघत बसलो. मग मीच म्हणालो, “घे ते घड्याळ. परवा मी बोललो ते मनावर घेऊ नको.” त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून का नाही म्हणून, ते कळलं नाही.

मी गावाकडं येईपर्यंत तरी त्यानं ते घेतलं नव्हतं. विमानतळावर त्यानं माझा हात हातात घेतला, एचएमटी बघितलं न् म्हणाला, “तीन महिने इथं राहून अजून गावाचीच वेळ?”

“आता उतरल्यावर बदलायला नको,” मी म्हणालो.