लाल दिव्याच्या खोलीतलं

मागचा पडदा. त्यावर रंगवलेला जिना, कारंजं, लांबवर एक बंगला. नाशिकच्या मेन रोडला खरेदीला आलेलं कुटुंब स्टुडिओत शिरायचं, आरशाजवळच्या फणीनं पोरांचे भांग पाडले जायचे.

१२० चा रोल. चौकोनी फोटो बारा. बारावा नीट आला नाही तर दुसरा रोल घालायचा, म्हणून बटण दाबण्याआधी फोटोग्राफर बराच वेळ नुसता बघत राही.

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद. कारखानाच बंद पडला.

टचिंगची पेन्सिल. तिरप्या डेस्कवर निगेटिव्ह, मागून उजेड. देवीचे व्रण, डोळ्यांखालचा काळेपणा बारीक ठिपक्यांनी भरायचा. निगेटिव्हवर काळं केलं की कागदावर उजळ उमटतं. कारागीर चेहरा उलटा वाचायला शिकलेला असे. चांगला असेल तर आजीच्या कपाळावरच्या रेघा तशाच ठेवी.

गेलेल्या माणसाचा फोटो. लग्नाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या ओळीत उभा असलेला, डोळे अर्धवट मिटलेला बाप. तेवढाच चेहरा उचलायचा, मोठा करायचा, डोळे उघडायचे, अंगावर कोट रंगवायचा. तेराव्याच्या आत हवा असायचा. थोरल्या मुलाला समोर बसवून हनुवटी जुळवायची, आणि त्याच्या आईला विचारायचं, ‘नाक असंच होतं ना?’ माझ्या मते स्टुडिओतलं सर्वांत अवघड आणि सर्वांत मायेचं काम हेच. आता संगणकावर ते काही मिनिटांत होतं. समोर बसवून विचारणं राहून गेलं.

वाटाण्याचा अंकुर. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना दिवसांमागून दिवस थोडा थोडा टिपला. ‘अंकुराची वाढ’. भांडवल देणाऱ्यांना पटावं म्हणून केलेला हा छोटा चित्रपट. पण मला त्यात फुलाझाडांपाशी थांबणारा फोटोग्राफरच दिसतो. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं सरस्वतीबाई करत. पुढे फाळके नाशिकला आले, इथेच १९४४ मध्ये गेले. त्यांच्या मूकपटांचा बहुतेक भाग आज उरलेला नाही.

 

पुराचा फोटो. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं ते दाखवणारा. आता पूर आला की तो हजार हातांनी निघतो. पूर्वीचा स्टुडिओच्या काचेत लागायचा आणि लोक थांबून बघत.

अंजनेरी डोंगरावरचं कंदीलपुष्प. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे नाव त्याला २००६ मध्ये मिळालं. पावसाळ्यात तिथे फिरणाऱ्या जाणत्या फोटोग्राफरांनी फोटो दाखवावा, जागा सांगू नये. रोप उपटून नेणारे असतात.

निगेटिव्हच्या पेट्या. पाकिटावर शाईनं नंबर, वहीत त्या नंबरापुढे गिऱ्हाइकाचं नाव. दमट हवेत जिलेटिनला बुरशी लागते. स्टुडिओ बंद झाला की पेट्या किलोवर जातात, चांदी काढायला. त्यांत एकेका घराच्या दोन-तीन पिढ्यांची लग्नं, बारशी असतात. १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात त्यांना एक कपाट मिळावं. आणि वही पेट्यांबरोबरच द्यावी. ती हरवली की सगळे चेहरे बिननावाचे होतात.