पंखा
चिरंजीवांचा बेस गिटारचा ॲम्प्लिफायर अर्ध्या तासात तापून मुका होऊ लागला. खोटे कशाला बोलू, मला बरेच वाटले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्यक्रम होता, आणि आमचा आठ दिवस अबोला.

प्लग काढला. कपॅसिटरमध्ये वीज दडून राहते. ती उतरल्याची मीटरने खात्री करून मगच हात घातला. पंखा निपचित. धूळ झाडली, पाते बोटाने सहज फिरले. मग त्याच्या तारा सोडवून ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडल्या. १२ व्होल्टचा तो पंखा चक्क भिरभिरला! म्हणजे पंखा निर्दोष. त्याच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती. (ही परीक्षा न घेताच वर्गात मी किती जणांना ‘ढ’ ठरवले असेल!)

सर्किटवरचे एक सोल्डर सुटले होते. मी सोल्डरिंग गन उचलली. हात कापत होता.

“बाबा, द्या इकडे. तुम्ही टॉर्च धरा,” तो म्हणाला.