तीनशे शब्दांत

‘सुमारे ३०० शब्दांत लिहा’ ही सूचना वाचून मराठीच्या अध्यापकाला काही वाटेनासे होते, त्यालाही आता बरीच वर्षे लोटलेली असतात. प्रश्नपत्रिका काढताना हात ती आपोआप लिहितो. त्यामुळे १९ मे २०२४ च्या घटनेनंतर जेव्हा हे शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले तेव्हा आमचा गोंधळ उडाला. त्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीच्या धडकेने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, मरण पावले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट घातली : अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध.

पेपर तपासणीचे दिवस होते. गठ्ठे बाजूला सारून सगळे शिक्षक बोलत होते. बहुतेकांचा संताप सरळ होता, दोन जिवांची किंमत तीनशे शब्द! आमच्या संतापाला मात्र (हे आम्ही तेव्हा कुणाला सांगितले नाही) एक व्यावसायिक कडाही होती. निबंधाचा हा अपमान आहे, असे आम्हाला वाटले. पुढे काही दिवसांनी निषेध म्हणून शहरात निबंधस्पर्धाच भरवली गेली. वडील बिल्डर असते तर काय झाले असते, असाही एक विषय तीत होता. आम्ही हसलो, कारण ‘मी पंतप्रधान झालो तर’च्या साच्यातला तो विषय होता आणि साचा आमचाच होता. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलांना आम्ही कित्येकदा शिक्षा म्हणून निबंध लिहायला लावले आहेत, ही गोष्ट त्या हसण्यात सोयीस्करपणे बुडून गेली.

मग मंडळाने २२ मे रोजी आपला आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवले, २५ जूनला उच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, आणि त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने नाकारली. हे सर्व वाचकांना ठाऊक आहे. आम्हाला सांगायचे आहे ते याहून पुष्कळ लहान आहे, आणि ते मार्केट यार्डात घडले.

आम्ही दोघे पती-पत्नी. एकाच कॉलेजात मराठी शिकवतो आणि मार्केट यार्डाच्या पाठीमागे राहतो. नाना-भवानी पेठांतला भुसार बाजार गुलटेकडीला हलला त्यानंतर वाढलेली ही वस्ती. पहाटे इथे झोप लागत नाही. भाज्यांचे ट्रक, हमालांच्या हाका, टेम्पोंचे रिव्हर्सचे कर्कश सूर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर फुलबाजाराच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे क्रेट गाळ्यांतून ओसंडून रस्त्यावर येतात. त्या दिवशीचा भाव त्या दिवसापुरता. दसरा उलटला की त्याच झेंडूला कुणी विचारत नाही.

११ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. आमच्या सोळा वर्षांच्या मुलाला आम्ही फुले आणायला पाठवले. ‘पाठवले’ म्हणजे स्कूटरची किल्ली हातात दिली. आमच्यापैकी एक पुरणाची डाळ शिजत घालत होती, दुसरा पाक्षिक नियोजनाचा तक्ता भरत होता. यापूर्वी त्याने स्कूटर चालवली नव्हती असे नाही. सोसायटीच्या आवारात, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, मग पुढच्या चौकापर्यंत. अकरावीच्या निम्म्या वर्गाच्या गाड्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये रोज उभ्या असतात आणि आम्ही त्यांच्यातून वाट काढत वर्गावर जातो. एकदाही कुणाला वय विचारलेले आठवत नाही.

अर्ध्या तासाने फोन आला. बाजाराबाहेरच्या एका चौकात नाकाबंदी होती. आमच्यापैकी जो तक्ता भरत होता तो पायीच धावत गेला. स्कूटर कडेला, हँडलला झेंडू-शेवंतीची पिशवी, आणि पोराचा चेहरा पांढराफटक. शेजारीच एक छोटा हत्ती थांबवलेला होता. त्याचा चालक आमच्या मुलाहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याच्याकडे फक्त शिकाऊ लायसन होते, शेजारच्या सीटवर कुणी नव्हते, आणि मागे झेंडूचे क्रेट रचलेले होते. तो मालकाला फोन लावत होता. मालक उचलत नव्हता.

“सर, तुम्ही?” गणवेशातल्या तरुणाने हात जोडले. आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी. “तुमचा मुलगा होय? मग आधी सांगायचं ना.” मुलाने ते आधी सांगितले नव्हते, याचा आम्हाला अजून अभिमान वाटतो की नाही हे आम्ही ठरवू शकलेलो नाही. “आता गाडी तुम्ही घेऊन जा, सर. लायसन आहे ना जवळ? नाहीतर साहेब विचारतील.”

लायसन पाकिटात होते. त्याने ते हातात घेतले, उलटे केले, आणि संकोचून परत दिले. “सर, हे तर गेल्या वर्षीच संपलंय.”

ऑगस्ट २००३ मध्ये काढलेले, वीस वर्षांच्या मुदतीचे. वीस वर्षे ही मुदत हातात घेताना अनंत वाटते. तर आता असा प्रसंग, की सोळा वर्षांचा मुलगा आणि चव्वेचाळीस वर्षांचा बाप, कायद्याच्या दृष्टीने ती स्कूटर हलवायला दोघेही सारखेच अपात्र. शेवटी डाळीखालचा गॅस बंद करून मुलाच्या आईला यावे लागले. घरातले एकमेव चालू लायसन तिचे. हेल्मेट नसल्याचे एक ई-चलन तेवढे झाले. निघताना त्या पोलिसाने “मॅडम, सावकाश जा,” असे म्हटले. टेम्पो तिथेच होता. क्रेटवर ऊन आले होते. त्या मुलाचे काय झाले हे आम्ही विचारले नाही. विचारले असते तर आपण कुणाच्या तरी लक्षात येऊ, अशी भीती तेव्हा मनात होती.

रात्री, पाटीपूजनाची तयारी झाल्यावर, आम्ही मोटार वाहन कायदा उघडला. शिक्षकाची ही खोड आहे, लाज वाटली की वाचन करतो. १९८८ चा हा कायदा २०१९ मध्ये बराच कडक झाला. लायसन नसताना वाहन चालवणे हा कलम १८१ खालचा गुन्हा. पूर्वी त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होता, आता ५,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अशा माणसाच्या हाती वाहन देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली तितकीच शिक्षा. कलम २०७ प्रमाणे वाहन अडकवून ठेवता येते. मुदत संपलेल्या लायसनला पूर्वी तीस दिवसांची सवलत असे; ती २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. नूतनीकरण वर्षभराच्या आत केले नाही तर चाचणी नव्याने द्यावी लागते. आमचे वर्ष दोन महिन्यांपूर्वी संपले होते.

आणि मग कलम १९९ अ. अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर दोषी कोण? पालक, किंवा वाहनाचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. यात एक वाक्य आम्ही तीन-चारदा वाचले. मुलाने वाहन वापरले ते पालकाच्या संमतीनेच, असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे; ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे सिद्ध करण्याचे ओझे पालकावर. एरवी आरोपीच्या बाजूने झुकणारा कायदा इथे घरात शिरून किल्ली कुठे टांगलेली असते ते पाहतो. आमच्याबाबतीत तर त्याला काही गृहीत धरण्याचीही गरज नव्हती. किल्ली आम्ही दिली होती.

आमचा मुलगा २०२६ मध्ये अठरा पूर्ण करतो. गुन्हा नोंदला गेला असता तर त्याला २०३३ ची वाट पाहावी लागली असती. ती सात वर्षे आम्हाला एका माजी विद्यार्थ्याने हात जोडून परत दिली. आणि कुणाला धक्का लागला असता तर? विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात दाखवला आहे. म्हणजे ज्याला लागले त्याला काही मिळण्याची सोय आहे. ज्याने किल्ली दिली त्याच्या दारी वसुली येते. हे आम्हाला न्याय्य वाटले. रात्री एक वाजता तरी वाटले.

शब्दांपाशी थांबल्याशिवाय आम्हाला राहवत नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परिवहन खात्याच्या मराठीत लायसनला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात, आणि परमिटला ‘परवाना’. रिक्षावाल्याला दोन्ही लागतात. मार्केट यार्डात अडत्याला आणि तोलणाराला बाजार समितीचा परवाना लागतो. तो नसेल तर त्याचा काटा कुणी मानत नाही. फारसीतून आलेला परवाना मराठीत मुरला, लोकांच्या तोंडी बसला. अनुज्ञप्ती मात्र कागदावरच राहिली. तरीही अर्थाने तीच नेमकी आहे : ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, त्याच्या प्रयोजकातून आलेली ज्ञप्ती, म्हणजे जाणवून देणे. याला चालवता येते हे पाहिले आहे, तपासले आहे, आणि रस्त्यावरच्या इतरांना तसे कळवले आहे, असा तिचा आशय निघतो. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला दिलेला तो शब्द आहे. आम्ही तो मोडला होता, आणि पंधरा मिनिटांत आम्हाला माफीही मिळाली होती. ती कशाच्या बळावर, तर आम्ही ‘सर’ आणि ‘मॅडम’ होतो म्हणून.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही मुलाला समोर बसवले आणि सांगितले, घडल्या प्रकारावर निबंध लिही. होय, आम्हीच. शब्दसंख्याही आमच्या तोंडून तीच गेली. तो तासभर आत बसला. कागदावर पाच ओळी होत्या. आजच्या धकाधकीच्या जीवनात वाहन ही गरज बनली आहे. वाढत्या वाहनसंख्येमुळे अपघातांचे प्रमाण वाढले आहे. असे सगळे.

“हे काय?” आम्ही विचारले.

“तुम्ही असंच लिहायला शिकवता,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “आणि किल्ली तर तुम्ही दिलीत. तुम्हीच लिहा ना.”

उद्धटपणा म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच्या त्या पाच ओळींत ‘मी’ नव्हता, हे आमच्या लक्षात आले. शालेय निबंध वर्षानुवर्षे ‘मी’ वगळून कारणे आणि उपाय सांगायला शिकवतो. जुलै २०२४ मध्ये त्या मुलाने आपला निबंध मंडळाला सादर केल्याची बातमी आली. तो आम्ही वाचलेला नाही, आणि त्यात काय असेल यावर बोलणे योग्य नाही. एवढे मात्र खरे, की तिथे ‘मी’ मागताही आला नसता. खटला उभा राहण्याआधी आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने ते संरक्षण दिलेले आहे. म्हणून विषय द्यायचा तर ‘अपघात व उपाय’ हाच देता येतो. मे महिन्यात आम्ही निबंधाचा अपमान झाला म्हणत होतो, पण मंडळाने मागितला तो आमच्याच पाठ्यपुस्तकातला निबंध होता.

ज्या प्रकारात ‘मी’ आहे तो लघुनिबंध. फडक्यांच्या ‘गुजगोष्टीं’पासून आम्ही तो बी.ए.ला शिकवत आलो. त्यातला ‘मी’ मोठा लोभस असतो. छत्री विसरतो, गाडी चुकवतो, स्वतःवर हसतो. त्याच्या चुकांचे कुणाला काही लागत नाही. आम्ही हा प्रसंग दोन-तीनदा मित्रमंडळींत सांगितला तेव्हा तो नेमका तसाच निघाला : बापाचेच लायसन संपलेले, आईला डाळ सोडून यावे लागले, सगळे खदखदून हसले. टेम्पोचा उल्लेख आम्ही एकदाही केला नाही. तो आला की गोष्ट लघुनिबंधात मावत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्यापैकी एकाने चाचणी पुन्हा दिली. रांगेत पुढे-मागे अठरा-एकोणीस वर्षांची मुले होती. वळण घेताना पाय टेकला, आणि परीक्षकाने काही न बोलता पुन्हा जायला सांगितले. दुसऱ्या खेपेला जमले. वर्गात आता अकरावीला आम्ही सुरुवातीलाच कलम १९९ अ वाचून दाखवतो. मुले ऐकतात. पार्किंगमधल्या गाड्या काही फार कमी झालेल्या नाहीत. त्यातल्या काहींचे पालक आमचे सहकारी आहेत.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. आदल्या दिवशी आम्ही तिघे चालतच फुलबाजारात गेलो. मुलाकडे पिशवी होती. गाळ्यांसमोर टेम्पोंची रांग लागली होती, चालक उतरून क्रेट खाली देत होते. आम्ही एकेकाचा चेहरा पाहत पुढे गेलो. गेल्या वर्षी आम्ही त्याच्याकडे नीट पाहिलेच नव्हते, त्यामुळे ओळखणार कसे? मुलगा मध्येच थांबला. “तो नाही,” असे म्हणाला, आणि झेंडूचा भाव विचारायला वाकला.