किल्ल्यांचा जुडगा

घरमालकाविषयी कोणी चांगले बोलल्याचे तुमच्या ऐकिवात आहे काय? माझ्या तरी नाही. नाटकात तो येतो तो भाडे मागायला आणि जातो तो प्रेक्षकांच्या हशात. कथेत तो नळ दुरुस्त करीत नाही, रात्री दहाच्या ठोक्याला जिन्यातला दिवा मालवतो आणि बिऱ्हाडकरूंकडे पाहुणे किती आले ते मोजतो. मी स्वतः १९८५ पासून सत्तावीस वर्षे घरमालक होतो. त्यांतला दिव्याचा आरोप मला मुकाट्याने मान्य आहे. तो दिवा आमचे अण्णा मालवीत असत, त्यांच्यामागे मी मालवू लागलो. पंचवीसच्या बल्बला वीज ती कितीशी लागणार, असे बिऱ्हाडकरू म्हणत. पण ते बिल त्यांना थोडेच येत होते!

आमचा वाडा पुण्याच्या नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नाही असा. मधे चौक, चौकात हौद, सात बिऱ्हाडे आणि आठवे आमचे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर खालच्या खोल्यांत गुडघाभर चिखल उरला होता आणि त्या चिखलात कोणाची शेगडी, कोणाची शाळेची दप्तरे. खालची दोन्ही बिऱ्हाडे दीड महिना आमच्या माडीवर राहिली. महिनाअखेर अण्णांनी पावती पुस्तक काढले आणि त्या दोघांच्या नावे 'भाडे पोचले' असे लिहिले. पैसे तर कोणी दिलेले मी पाहिले नव्हते. मी म्हटले, "अण्णा, हे खोटं लिहिलंत." ते म्हणाले, "राहायला जागा देतो म्हणून भाडं घ्यायचं. जागा चिखलात होती, मग भाडं कसलं?" आणि पुस्तक मिटून त्यांनी जिन्यातला दिवा मालवला.

अण्णांच्या मागे ते पावती पुस्तक माझ्याकडे आले आणि त्याबरोबर किल्ल्यांचा जुडगाही आला. गावाला जाताना प्रत्येक बिऱ्हाड आपली किल्ली मालकाकडे ठेवून जाई. मांजर आत अडकले तर, तार आली तर, पावसात पन्हाळी तुंबली तर! त्या जुडग्याला आमच्या घरात देवांच्या कोनाड्याशेजारी खिळा होता.

आता भाड्याविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेला जे भाडे होते तेच प्रमाण धरले आणि ते तिथेच गोठले. मास्तरांच्या दोन खोल्यांचे भाडे महिना ११ रुपये. त्यात वर्षाकाठी घरपट्टीतला त्यांचा वाटासुद्धा निघत नसे, मग कौले शाकारण्याची गोष्टच सोडा. पुढे १९९९ चा नवा कायदा झाला. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला आणि मालकाला दरसाल चार टक्के वाढ घेण्याची मुभा मिळाली. अकरा रुपयांचे चार टक्के म्हणजे चव्वेचाळीस पैसे. पहिल्या वाढीच्या वेळी मास्तरांच्या पत्नीने माझ्या हातावर साडेअकरा रुपये ठेवले आणि म्हणाल्या, "सहा पैसे माझे तुझ्याकडे निघतात. लिहून ठेव." मी लिहून ठेवले. भाडेकरू रस्त्यावर आले नाहीत हे त्या जुन्या कायद्याचे पुण्य, आणि पुण्यामुंबईच्या भिंती ढासळल्या हे त्याचे पाप. दोन्ही माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून बोलतो.

या काकू मला एकेरी हाक मारीत, कारण माझ्या मुंजीत त्यांनी मला भिक्षावळ घातली होती. मास्तर १९९४ मध्ये गेले. काकू एकट्या राहिल्या. दाराशी तुळस आणि मोरीत गळका नळ. तो नळ मी दोनदा दुरुस्त करून घेतला, आणि दोन्ही वेळा तो महिनाभरात पुन्हा गळू लागला. याचा दोष काकूंच्या लेखी माझा.

२००३ च्या कार्तिकी एकादशीला त्या नागपूरला लेकीकडे गेल्या. लेक आजारी होती. जाताना किल्ली दिली, म्हणाल्या, "पंधरा दिवसांत येते." पंधरा दिवसांचे महिने झाले. इकडे माझ्या मुलीचे लग्न ठरले आणि मार्चमध्ये एक बिल्डर घरी येऊन गेला. किती खोल्या रिकाम्या मिळतील, एवढाच त्याचा प्रश्न होता. प्रत्येक रिकाम्या खोलीचा आकडा त्याने मला कागदावर लिहून दाखवला. खोटे कशाला बोलू, तो कागद मी रात्री उशाशी घेऊन झोपलो.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "सहा महिने सलग, सबळ कारणाशिवाय जागा वापरली नाही, तर ताबा मागता येतो. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गप्प बसा. कोर्टात वर्षं जातील म्हणा, आजारी लेकीचं कारणही चालेल कदाचित. पण म्हातारी नागपूरहून भांडायला येतेय कशाला? चार पैसे घेऊन सोडील."

गप्प बसा! किती सोपा सल्ला. काही करायचेच नव्हते मला. मी गप्प बसलोही, तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत मी जुडग्याच्या खिळ्याकडे पाहायचे टाळीत होतो. बायको मात्र रोज सकाळी काकूंच्या तुळशीला पाणी घालून येई. एके दिवशी रिकामा तांब्या खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "कोर्टात विचारतील ना, एवढे दिवस किल्ली कोणाकडे होती म्हणून?"

मी काही बोललो नाही. दुपारी पोस्टात जाऊन कार्ड आणले. लिहिले: 'काकू, सा. न. वि. वि. मेच्या आत येऊन चार दिवस राहून जावे. कारण भेटीअंती सांगेन. घर बंद असले की वाळवी लागते.' वाळवीचे मी मनाने घातले. कार्ड पेटीत टाकताना माझा हात अडखळला, हेही सांगून टाकतो. लग्नासाठी मग पतपेढीचे कर्ज काढले आणि ते फेडायला सहा वर्षे लागली. बिल्डरचा कागद डोळ्यांपुढून जायलाही तेवढीच लागली असतील.

वैशाखात काकू आल्या. मी किल्ली दिली. कुलूप उघडून त्या आत गेल्या. मी चौकात उभा. वाटले, आता बाहेर येऊन काहीतरी म्हणतील. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, वाळवी नाही कुठे. आणि सहा महिन्यांत नळ तेवढा दुरुस्त करून घेता आला नाही का रे तुला?" सहा महिने म्हणजे काय असते ते त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितलेही नाही, भेटीअंतीचे कारण भेटीत गिळून टाकले. पुढे वर्षातून दोनदा त्या नागपूरला जात, पण पाच महिन्यांच्या आत मी कार्ड टाकीच. "तुला माझी फार आठवण येते," असे त्या चारचौघांत सांगत. कृतज्ञतेची वाट पाहणाऱ्याने घरमालक होऊ नये. पण त्यांनी आठवणीचे ते वाक्य उच्चारले की मला जे वाटे, ते अकरा रुपयांत मिळण्यासारखे नव्हते.

काकू २००९ मध्ये गेल्या. अखेरच्या आजारात त्यांच्या उशाखालून पन्नास रुपयांची नोट निघाली, कागदात गुंडाळलेली, आणि कागदावर लिहिलेले: 'चालू महिन्याचे. बाकी परत करणे.'

२०१२ मध्ये वाडा पाडला. सातही बिऱ्हाडांना, त्यांत काकूंच्या बरोबर राहायला आलेल्या नातीलाही, नव्या इमारतीत जागा मिळाव्यात असा करार मी केला. त्यासाठी आकडा पुष्कळ खाली आणावा लागला. आता जो तो आपापल्या जागेचा मालक आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्यातला दिवा सोसायटीचा आहे, रात्रभर जळतो, आणि मला झोप लागत नाही.

दिवाळी आली की इमारत निम्मी रिकामी होते. खिळा मी नव्या घरातही ठोकून घेतला आहे. त्याला यंदा चार किल्ल्या लागल्या. तीन जुन्या बिऱ्हाडांच्या. चौथी आज सकाळी आली. वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला एक तरुण, पाठीला पिशवी, टॅक्सी खाली उभी. "आजोबा, सगळे म्हणाले किल्ली तुमच्याकडे ठेवायची असते," असे म्हणून त्याने ती हातावर ठेवली आणि जिना उतरताना मागे वळून ओरडला, "स्वयंपाकघरातला नळ जरा गळतोय, बघाल का?"

मी आता घरमालक नाही, हे त्याला सांगायचे राहूनच गेले. प्लंबर अकराला येतो म्हणाला आहे.